जूनमध्ये टाकलेलं बी का कोलमडतं? दक्षिणेकडच्या गॅलरीत बियांपासून भाज्या आणि फुलं

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात सातव्या मजल्यावर दक्षिणेकडे तोंड असलेली गॅलरी, वर स्लॅब. दोन वर्षं पहिल्या पावसाबरोबर टोमॅटो, मिरची, धने, झेंडू आणि पिटुनिया पेरले. मिरची आणि धने जवळजवळ उगवलेच नाहीत. टोमॅटो पाच-सहा दिवसांत वर आला, पण बोटभर लांब आणि फिकट होऊन आडवा पडला. पिटुनियाचा तर पत्ताच नाही. बियाणं खराब होतं का? कुठलं खत घालावं? कुंड्या केवढ्या घ्याव्यात?

खताचं सगळ्यात शेवटी बघू. पहिल्या पंधरा-वीस दिवसांत त्याचा संबंधच येत नाही, रोप बियातल्याच शिदोरीवर जगत असतं. बियाण्यावरही लगेच खापर फोडू नका. पाच दिवसांत उगवलेला टोमॅटो म्हणजे ते बी ठणठणीत होतं. तुमचं गणित चुकलंय ते महिन्यात आणि पाण्यात.

आधी महिना. पुणे साडेअठरा अंश उत्तरेला आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत, म्हणजे दोन शून्य सावली दिवसांच्या (भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो त्या दिवसांच्या) मधल्या काळात, दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेकडे असतो. २१ जूनला तो जवळपास ५ अंश उत्तरेला कललेला असतो. म्हणजे ज्या महिन्यात तुम्ही हौसेनं पेरता, त्याच महिन्यात तुमच्या गॅलरीत दुपारचं ऊन येणंच शक्य नाही. त्यात ढग. आपल्या डोळ्यांना तिथं लख्ख उजेड वाटतो, रोपाला मात्र तो अंधार असतो.

हेच चित्र हिवाळ्यात उलटं होतं. गॅलरीची उंची ९ फूट धरली, तर २३ सप्टेंबरच्या दुपारी ऊन स्लॅबच्या कडेपासून साधारण ३ फूट आत येतं, ऑक्टोबरच्या मध्याला साडेचार फूट आणि २२ डिसेंबरला ८ फूट. दक्षिणेची गॅलरी ही हिवाळी शेती आहे. सप्टेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंतचा काळ तुमचा. जूनचा मोह सोडा. एक बारीक गोष्ट: कठडा ३ फुटी आणि भरीव असेल, तर कठड्यालगतची जमीन डिसेंबरातही सावलीत राहते. तिथं कुंड्या स्टँडवर चढवाव्या लागतात. गजांचा कठडा असेल तर ही अडचण नाही. (पूर्वेच्या गॅलरीला वर्षभर सकाळचं ऊन मिळतं, त्यामुळे तिथं जूनची पेरणी चालून जाते. शेजाऱ्यांचं बघून पेरायचं असेल तर त्यांच्या गॅलरीचं तोंड कुठं आहे ते आधी बघा.)

फळभाजीला रोज किमान ६ तास थेट ऊन लागतं, पालेभाजीला ४ तास पुरतात. त्याहून कमी असेल तर पुदिना, पालक, तेरडा, टोरेनिया यांवर समाधान मानावं. टोमॅटोचा हट्ट धरला तर पानं मिळतील, टोमॅटो नाहीत.

आता पाणी. शेतकरी वाफसा आला की पेरतो. जमिनीत ओल आहे, पण कणांमधल्या पोकळीत हवाही आहे, ती अवस्था म्हणजे वाफसा. कुंडीतही नेमकं हेच हवं असतं. बी पाणी पिऊन फुगतं, आणि फुगल्यावर आतलं साठवलेलं अन्न वापरायला त्याला प्राणवायू लागतो. मिश्रण सतत चिंब असेल तर पोकळ्या पाण्यानं भरतात, बी गुदमरतं आणि कुजतं. टोमॅटो ५ ते ८ दिवसांत रुजतो, म्हणून तो या छळातून निसटतो. मिरचीला ८ ते १४ दिवस लागतात, धन्यांनाही तेवढेच. जे बी जास्त दिवस मातीत पडून राहतं ते जास्त कुजतं. तुमच्याकडे कोण उगवलं आणि कोण नाही ही यादी बघितली, तर ती नेमकी याच क्रमानं लागलेली आहे.

वाफसा ओळखायची पद्धत शेतातलीच. मूठभर मिश्रण घट्ट दाबा. बोटांमधून पाणी गळलं तर जास्त ओलं. गोळा झाला आणि बोटानं टोचल्यावर दोन-तीन तुकड्यांत फुटला तर बरोबर. गोळाच होत नसेल तर कोरडं. बी टाकण्याच्या दिवशी आणि पुढे रोज, ही एक चाचणी पुरते.

बी टाकायचं मिश्रण

बी टाकायचं मिश्रण वेगळं आणि मोठ्या कुंडीचं वेगळं. बियांसाठी माती वापरूच नका, पुण्यातली काळी तर अजिबात नको. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि भेगेबरोबर कोवळी मुळं तुटतात.

धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ३ भाग आणि चाळलेलं गांडूळखत १ भाग, एवढं पुरे. पर्लाइट (फुगवलेल्या खनिजाचे पांढरे, हलके दाणे) मिळालं तर १ भाग घाला, नाही मिळालं तरी अडत नाही. ६५० ग्रॅमची कोकोपीटची वीट भिजून ८ ते १० लिटर होते, ५ किलोचा ठोकळा ६० लिटरच्या पुढे जातो. गॅलरीसाठी दोन विटा घेऊन सुरुवात करा. धुणं मात्र टाळू नका. नारळाच्या काथ्यात मुळातच क्षार असतात, आणि बराचसा काथ्या किनारपट्टीवर खाऱ्या पाण्यात भिजवलेला असतो. वीट बादलीत भिजवायची, जुन्या पंचात घालून पिळायची, पुन्हा स्वच्छ पाणी. असं तीन वेळा. पहिलं पाणी चहासारखं निघतं, तिसरं फिकट. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये बी उगवतं खरं, पण पहिल्या पानांच्या कडा करपतात आणि रोप तिथंच थांबतं.

रोपं कोलमडण्याचा त्रास आधी झालेला असेल तर गांडूळखतात ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) मिसळून ठेवा. १ किलो खताला १० ग्रॅम, ओलसर करून, गोणपाट झाकून आठवडाभर सावलीत. बी टाकायच्या मिश्रणात निंबोळी पेंड किंवा दुसरी कुठलीही पेंड घालू नका. ती कुजताना तापते, तिच्यावर पांढरी बुरशी चढते आणि कोवळी मुळं भाजतात. पेंडीची जागा मोठ्या कुंडीत.

पेरणी

शेतकरी ९८ कप्प्यांचा ट्रे वापरतात, कारण त्यांची रोपं वेळच्या वेळी शेतात जातात. घरी लागवड आठवडाभर लांबतेच, म्हणून ५० कप्प्यांचा ट्रे घ्या, नाहीतर कागदी चहाचे कप. कपाच्या तळाला तापवलेल्या सुईनं चार भोकं पाडा.

मिश्रण भरा आणि ट्रे जमिनीवर दोनदा हलकेच आपटा. अंगठ्यानं दाबून ठासू नका, दाबलं की हवा गेली. मग ट्रे परातीत ठेवून परातीत दोन बोटं पाणी घाला. पाणी खालून चढतं आणि वरचा थर गडद दिसायला लागतो. झालं की ट्रे उचलून अर्धा तास निथळत ठेवा. पेन्सिलीच्या मागच्या टोकानं खळगा करून प्रत्येक कप्प्यात दोन बिया टाका. पुढे सशक्त रोप ठेवून दुसरं कात्रीनं कापायचं. उपटलं तर शेजाऱ्याची मुळंही हलतात.

खोली बियाच्या जाडीच्या दोन ते तीनपट. टोमॅटो, मिरची, वांगं, झेंडू, झिनिया अर्धा सेंटिमीटर. काकडी दीड, भेंडी दोन सेंटिमीटर. भेंडी, गवार, घेवडा, मुळा आणि गाजर ट्रेमध्ये टाकूच नका, थेट मोठ्या कुंडीत पेरा. मुळा-गाजराचं सोटमूळ हलवलं की दुभंगतं आणि जेवणाच्या काट्यासारखं वेडंवाकडं मूळ हाती येतं.

ट्रेवर ओलसर वर्तमानपत्र झाका आणि उबेला ठेवा, फ्रिजच्या वर चालेल. टोमॅटो, मिरची, वांगं यांना रुजायला २५ ते ३० अंश लागतात, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात घरात तेवढं तापमान असतंच. रोज सकाळी आणि संध्याकाळी कागद उचलून बघायचं. पहिला वाकडा कोंब दिसला की त्याच तासाला कागद काढा आणि ट्रे उन्हात न्या. सगळी उगवू देत, मग हलवू, असं म्हणत थांबलात तर पहिली उगवलेली रोपं एका दिवसात दोन इंच वर सरकतात, आणि एकदा ताणलेलं खोड पुन्हा आखूड होत नाही. तुमचा टोमॅटो लांबुडका झाला तो असा.

उजेड कमी असेल तर साधा उपाय आहे. २० वॉटच्या चार फुटी पांढऱ्या एलईडी पट्ट्या दोन, रोपांच्या शेंड्यांपासून १० ते १५ सेंटिमीटरवर, रोज १४ तास. दिवसाला अर्ध्या युनिटच्या थोडी वर वीज, वीस दिवसांत साधारण ११ युनिट. जांभळ्या प्रकाशाचे महाग दिवे रोपांसाठी आवश्यक नाहीत. दिवा दोन फुटांवर टांगला मात्र तर लावून न लावल्यासारखाच.

आडवं पडलेलं रोप नीट बघा

आडवी पडलेली दोन रोपं वेगवेगळ्या कारणांनी पडलेली असू शकतात. एक उचलून खोडाचा तो भाग बघा, जिथं ते मातीतून बाहेर येतं. खोड सगळीकडे सारखं, हिरवट-पांढरं, लांब आणि कडक असेल, तर ते उजेडासाठी ताणलेलं रोप आहे. त्याला वाचवता येतं: नव्या कपात पहिल्या दोन पानांपर्यंत पुरा. टोमॅटो पुरलेल्या खोडाला मुळं फोडतो. मिरचीवर आणि वांग्यावर हा प्रयोग फारसा चालत नाही.

पण मातीलगतचं खोड दोऱ्यासारखं बारीक, पाणचट किंवा तपकिरी झालं असेल आणि वरची पानं अजून हिरवीगार असतील, तर ती बुरशी आहे. बहुतेक वेळा पिथियम किंवा रायझोक्टोनिया. पिथियमचे बीजाणू पाण्यात चक्क पोहतात. वरचा थर सतत ओला असला की एका रात्रीत ओळीच्या ओळी झोपतात. पडलेल्या रोपाला औषध नाही. ते भोवतालच्या मिश्रणासकट काढून टाका, उरलेल्यांना वरून पाणी बंद, दिवसभर मंद पंखा, आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड (तांब्याचं बुरशीनाशक) लिटरला २.५ ग्रॅम या प्रमाणात एकदा मुळाशी द्या. हे दिलंत तर पुढचे दहा दिवस ट्रायकोडर्मा देऊ नका. तीही बुरशीच आहे, तांब्यानं तीही मरते.

इथून पुढे पाणी शक्यतो खालूनच. ट्रे उचलून वजन बघायची सवय लावा: भरलेला किती जड आणि कोरडा किती हलका, हे हाताला तीन दिवसांत कळतं. वरचा थर फिकट झाला आणि ट्रे हलका लागला की पाणी. 'रोज सकाळी एक पेला' हा नियम कुंडीला लागू पडत नाही, ऑक्टोबर हीटमध्ये तिला दोनदा लागेल आणि ढगाळ दिवशी एकदाही नाही.

एक सूचना कबुतरांबद्दल. ती ओल्या मिश्रणात बसायला आली की ट्रे उलटा होतो. पक्ष्यांची जाळी नसेल तर ट्रेवर फळं झाकायची जाळीदार टोपली पालथी घाला. झिनिया आणि झेंडूचं बी मुंग्या उचलून नेतात, म्हणून ट्रेच्या स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत. 'उगवलंच नाही' या तक्रारीमागे कधीकधी एवढंच असतं.

पाकीट वाचणं

पाकिटावर दोन गोष्टी शोधा: चाचणीची तारीख आणि उगवण टक्केवारी. आपल्याकडच्या किमान प्रमाणानुसार टोमॅटो आणि वांग्याचं बियाणं ७० टक्के, भेंडीचं ६५ टक्के आणि मिरचीचं ६० टक्के उगवलं तरी ते नियमात बसतं. म्हणजे मिरचीच्या दहांपैकी चार बिया न उगवणं हा दोष धरलाच जात नाही. जुनं पाकीट असेल तर दहा बिया ओल्या टिश्यूच्या घडीत, झाकणाच्या डब्यात ठेवून मोजा. सात फुटल्या तर ठीक, चार फुटल्या तर दुप्पट पेरा, दोनच फुटल्या तर टाकून द्या. कांद्याचं बी वर्षभरात मंदावतं, मिरची आणि भेंडी दोन वर्षं, टोमॅटो आणि वांगं चार वर्षं टिकतं, तेही कोरड्या, हवाबंद डबीत ठेवलं तर. पाकीट उघडून गॅलरीतच ठेवलं तर एका पावसाळ्यात संपलं.

गुलाबी, हिरव्या रंगाचं बी दिसलं तर त्याला बुरशीनाशक चोळलेलं आहे. ते भिजवू नका, औषध धुऊन जातं. हात साबणानं धुवा आणि मुलांच्या हाती देऊ नका.

वाण निवडताना गॅलरीसाठी रोगाला दाद न देणारं घ्या. टोमॅटोत बेंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचा अर्का रक्षक हा संकरित वाण पानं आकसणाऱ्या विषाणूला दाद देत नाही. भेंडीत परभणीच्या कृषी विद्यापीठाची परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका, दोन्ही शिरा पिवळ्या पडणाऱ्या रोगाला टिकतात. पुसा सावनी आता त्या रोगाला सहज बळी पडते. कुणी स्वस्तात दिली तरी नको.

कुंडी

इंचांपेक्षा लिटरमध्ये विचार करा. ८ इंची कुंडीत साधारण ४ लिटर मावतं, १० इंचीत ८ ते ९, १२ इंचीत १४, आणि १४ इंचीत २० च्या आसपास. टोमॅटोला १५ ते २० लिटर, वांग्याला १५, मिरचीला आणि भेंडीच्या एका झाडाला ८ ते १०, झेंडूला आणि झिनियाला ४ ते ८, पिटुनियाला ४. धने, मेथी, पालक यांना आकारमानापेक्षा पसारा हवा: ६ इंच खोलीचा फळांचा क्रेट, आतून शेडनेट लावून. टोमॅटोला १० इंची कुंडी दिली तर झाड वाढतं, पण मार्चच्या दुपारी ती कुंडी तीन तासांत कोरडी होते. मग पाणी, मग पुन्हा कोरडी, आणि या हेलकाव्यात टोमॅटोचं बूड काळं पडतं.

तळाला खडी, विटांचे तुकडे यांचा थर घालायची जुनी पद्धत आहे. ती सोडा. बारीक मिश्रणातलं पाणी जाड खडीत सहज उतरत नाही, आधी वरचं मिश्रण तुडुंब भरावं लागतं. थर घातला की ओला, बिनहवेचा पट्टा मुळांच्या आणखी जवळ सरकतो. भोकावर जाळीचा एक तुकडा आणि त्यावर थेट मिश्रण. भोकं मात्र मोठी हवीत, १० इंची कुंडीला करंगळीएवढी चार. कुंडीखाली ताटली ठेवायची तर मधे विटेचे दोन तुकडे. कुंडी पाण्यात बसलेली असू नये.

मोठ्या कुंडीचं मिश्रण: लाल किंवा पोयटा माती ४ भाग, कोकोपीट ३, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत ३, आणि १५ लिटरला निंबोळी पेंड एक मूठ. शेणखत हाताला भुरभुरीत आणि मातीच्या वासाचं हवं. ओला, आंबूस वास येत असेल तर ते कच्चं आहे आणि त्यातून हुमणी येते; ती पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली अळी मुळं खाऊन झाड एका आठवड्यात लोळवते. भिजलेली २० लिटरची कुंडी २५ किलोच्या घरात जाते. कठड्यावर ठेवू नका आणि सगळ्या एका कोपऱ्यात रचू नका.

तुमच्या पाच पिकांचं वेळापत्रक

टोमॅटो १५ सप्टेंबरला पेरा. २५ दिवसांत चार खरी पानं येतात (पहिली दोन गुळगुळीत पानं मोजायची नाहीत). लागवडीआधी पाच-सहा दिवस रोपांना थोडं थोडं जास्त ऊन आणि थोडं कमी पाणी. लागवड संध्याकाळी, खालची पानं खुडून खोड खोल पुरून. उंच जातीला सहा फुटी काठी त्याच दिवशी रोवा, नंतर रोवलीत तर मुळं चिरतात. बगलफूट (पान आणि खोड यांच्या बेचक्यातून निघणारी फांदी) दोन इंचांची झाली की मोडा. ठेंगण्या जातीची मोडू नका, तिचं फळ त्याच फांद्यांवर येतं. बंद गॅलरीत वारा कमी असतो, म्हणून सकाळी दहाच्या सुमाराला फुलांच्या घोसाला मागून टिचकी मारा, परागकण झडतात. रात्री २४ अंशांच्या वर आणि दिवसा ३५ च्या वर गेलं की फुलं गळायला लागतात, म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारी हा तुमचा हंगाम. मार्च उजाडल्यावर फुलगळीला औषध शोधत बसू नका.

मिरची त्याच दिवशी पेरा, लागवड मात्र ३५ ते ४० दिवसांनी. पानं आकसली की लोक 'चुरडा-मुरडा' म्हणून एकच औषध मारतात. पान उलटून बघा. कडा होडीसारख्या वर वळल्या असतील तर फुलकिडे. निंबोळी तेल ५ मिली आणि थोडं साबणाचं पाणी एक लिटरमध्ये, संध्याकाळी, पानाच्या खालून, पाच-सहा दिवसांनी पुन्हा. कडा खाली वळून पान अरुंद, लांबट झालं असेल तर ती कोळी, म्हणजे पानाचा रस शोषणारी अगदी बारीक कीड. तिला पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम. कडक उन्हात गंधक मारलं तर पान भाजतं. गंधक आणि तेल यांच्यात दोन आठवड्यांचं अंतर ठेवा.

धन्यांचं गुपित बियातच आहे. आपण ज्याला धना म्हणतो ते फळ, आत दोन बिया. अख्खा पेरला तर पाणी आत शिरायला वेळ लागतो. गोणपाटावर पसरून चपलेनं किंवा लाटण्यानं हलकं रगडा. दोन दळं सुटी व्हावीत, पीठ होऊ नये. मग रात्रभर भिजवून, सकाळी निथळून, क्रेटमध्ये फोकून, वर एक सेंटिमीटर मिश्रण. किराण्यातले धने चालतात, यंदाचे असले तर. वर्ष उलटलेले मसाल्याला ठेवा. ऑक्टोबर ते जानेवारी दर पंधरा दिवसांनी अर्धा क्रेट पेरला तर कोथिंबीर सलग मिळते; फेब्रुवारीनंतर ती उन्हानं लगेच फुलावर जाते. मेथीला यातलं काहीच करावं लागत नाही, टाकली की तिसऱ्या दिवशी वर.

पिटुनियाला पावसाळा मानवतच नाही. ऑक्टोबरचा पहिला आठवडा धरा. एक ग्रॅममध्ये दहा हजारांच्या आसपास बिया, म्हणजे बी धुळीएवढं. त्याला रुजायला उजेड लागतो, म्हणून वर माती घालायची नाही. तुम्ही अर्धा सेंटिमीटर मिश्रण घातलं असेल तर ते पुरलं गेलं, उगवणार कुठून? पसरट डबा घ्या, वरचं एक सेंटिमीटर मिश्रण चहाच्या गाळण्यातून चाळून पसरा, खालून भिजवा. चिमूटभर कोरड्या बारीक वाळूत बी मिसळा, दुमडलेल्या कागदाच्या घडीत घ्या आणि कागदाला नखानं टिचक्या मारत सरळ रेषेत सोडा. वरून पाणी नाही, फवारणीची बाटलीही नाही. एका थेंबात वीस बिया एका जागी वाहून येतात. पारदर्शक झाकण, कडेला फट, जागा उजेडाची पण थेट उन्हाची नाही. ७ ते १० दिवसांत हिरवी टिंबं दिसतील. मग झाकण काढा. तीन आठवडे ती तेवढीच राहतात, आणि इथं बहुतेकजण धीर सोडतात. त्या काळात रोप खाली मुळं करत असतं. दोन खरी पानं आली की टूथपिकनं एकेक उचलून कपात, पान धरून, खोड धरून नव्हे. चार इंच झालं की शेंडा खुडा. डिसेंबरअखेर फुलं, मार्चपर्यंत चालतात.

खत आता. पहिलं खरं पान आल्यावर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत) लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा. लागवडीनंतर १ ग्रॅम. फुलं दिसली की फळभाज्यांना १३:००:४५ (पालाश जास्त असलेलं) लिटरला २ ग्रॅम, दर दहा दिवसांनी, आणि महिन्याला कुंडीत दोन मुठी गांडूळखत. कोकोपीट कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून टोमॅटोला पंधरवड्यातून एकदा कॅल्शियम नायट्रेट लिटरला २ ग्रॅम, एकटंच. स्फुरद किंवा गंधक असलेल्या खतात मिसळलं तर बादलीतच साका बसतो. कोरड्या कुंडीला खत देऊ नका, आधी साधं पाणी.

उरला झेंडू. ४ ते ६ दिवसांत उगवतो, २५ दिवसांनी लागवड, पेरणीपासून ७५ ते ८० दिवसांत उंच जातीचं पहिलं फूल. गच्ची असणाऱ्यांनी दसऱ्याच्या तारखेतून तेवढे दिवस मागे मोजावेत. तुमच्या गॅलरीत ती पेरणी बिनउन्हाच्या जुलैत येते, त्यामुळे दसऱ्याचं सोडून द्या. १० सप्टेंबरला पेरा, मार्गशीर्षातल्या गुरुवारांना घरचा झेंडू असेल.

तोरणातला वाळलेला झेंडू चुरून पेरला तर? उगवतो, पण बाजारातली फुलं बहुधा संकरित जातीची असतात, त्यांच्या बियांतून एक झाड उंच, एक बुटकं, एक एकेरी पाकळ्यांचं असं काहीही निघतं. शिवाय ती पुरती पिकण्याआधीच खुडलेली असतात. घरचं बी धरायचं असेल तर सरळ (संकरित नसलेल्या) वाणाचं एक फूल झाडावरच देठ तपकिरी होईपर्यंत राहू द्या, मग सावलीत आठवडाभर वाळवा. फूल मोडलं की काळ्या काड्या दिसतात, एका टोकाला पिवळसर शेपूट. काळा भाग बोटात धरून बघा: जाड, कडक लागला तर बी भरलेलं आहे. चपटं, कागदासारखं वाकणारं बी पोकळ असतं, ते सरळ कंपोस्टमध्ये.